विश्लेषण : क्लाऊडमधली भिंत किती पक्की? ‘केव्हीएम’मधील एका त्रुटीचा धडा

मोबाइलवर बँकेचे ॲप उघडले की खात्यातली शिल्लक दिसते. पण हिशेब फोनमध्ये होत नाही, तो दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर होतो. हा सर्व्हर अनेकदा एकट्या बँकेचा नसतो. त्याच यंत्रावर एखादी खरेदीची वेबसाइट, एखादी स्टार्टअप आणि केवळ कार्ड नोंदवून तासाच्या भाड्याने जागा घेतलेला अनोळखी माणूसही असू शकतो. या भाडेकरूंमध्ये भिंत असते ती सॉफ्टवेअरची. 2021 मध्ये ‘गूगल प्रोजेक्ट झिरो’चे संशोधक फेलिक्स विल्हेल्म यांनी ही भिंत आतून ओलांडता येते, हे दाखवून दिले.

केव्हीएम म्हणजे काय?

एका खऱ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालवण्याच्या तंत्राला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. लिनक्समध्ये हे काम ‘केव्हीएम’ करते. 2007 मध्ये आलेल्या लिनक्स 2.6.20 पासून ते थेट कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा भाग आहे. गूगल क्लाऊड केव्हीएमवर चालते. ॲमेझॉनच्या ‘नायट्रो’ प्रणालीचा पायाही तोच आहे. त्यामुळे केव्हीएममधली चूक ही कोणा एका कंपनीपुरती राहत नाही.

यंत्राच्या मूळ प्रणालीला ‘होस्ट’ आणि आभासी संगणकाला ‘गेस्ट’ म्हणतात. गेस्टने होस्टमध्ये शिरता कामा नये, हा या व्यवस्थेचा पहिला नियम. होस्ट ताब्यात आला की त्यावरचे सगळे गेस्ट उघडे पडतात.

चूक नेमकी कुठे होती?

एएमडीच्या प्रोसेसरवर गेस्टच्या आत आणखी एक गेस्ट चालवता येतो. याला ‘नेस्टेड’ व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. त्यासाठी बाहेरचा गेस्ट एक प्रकारचा अर्ज भरतो : आतला संगणक कसा चालवायचा, त्याला कोणत्या सूचनांवर थांबवायचे वगैरे. केव्हीएम हा अर्ज तपासते आणि मग त्यानुसार काम सुरू करते.

अडचण अशी की हा अर्ज गेस्टच्याच मेमरीत असायचा आणि केव्हीएम तो दोनदा वाचायचे. एकदा तपासण्यासाठी, दुसऱ्यांदा अमलात आणण्यासाठी. बँकेतल्या कारकुनाने धनादेश तपासावा, तो काउंटरवरच ठेवून शिक्का आणायला वळावे आणि तेवढ्यात ग्राहकाने आकड्यापुढे एक शून्य वाढवावे, तसाच हा प्रकार. गेस्टकडे दुसरा आभासी प्रोसेसर असेल, तर त्या क्षणभरात तो अर्ज बदलू शकत होता.

यातून पुढे केव्हीएमने मोकळी करून टाकलेली मेमरीच वापरात राहायची आणि गेस्टला होस्ट प्रोसेसरच्या विशेष रजिस्टरांपर्यंत पोहोचता यायचे. तिथून होस्टचा ताबा मिळवता येतो, हे विल्हेल्म यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. या त्रुटीला ‘सीव्हीई-2021-29657’ असा क्रमांक मिळाला.

दुरुस्ती मात्र साधी होती. आधी अर्जाची प्रत स्वतःच्या मेमरीत घ्यायची, तीच तपासायची आणि तीच वापरायची. लिनक्स 5.11.12 मध्ये ही दुरुस्ती आली.

धोका किती होता?

यासाठी एएमडीचा प्रोसेसर हवा आणि नेस्टेड सुविधा चालू हवी. शिवाय ही चूक लिनक्स 5.10 पासूनच वापरण्याजोगी झाली होती आणि साधारण पाच महिन्यांत सापडली. तोवर बहुतेक सर्व्हर जुन्या कर्नलवरच होते. त्यामुळे मोठे नुकसान टळले.

दरवेळी असे होत नाही. 2015 मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ ही त्रुटी 2004 पासून ‘क्यूईएमयू’ या सॉफ्टवेअरमध्ये पडून होती, तीही फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये. फ्लॉपी इतिहासजमा झाली, पण तिचा कोड क्लाऊडमध्ये जिवंत होता. एक चूक पाच महिन्यांत सापडते, दुसरी अकरा वर्षांनी. फरक पडतो तो कोणी मुद्दाम शोधायला बसले आहे का, याने. गूगलने 2024 मध्ये ‘केव्हीएमसीटीएफ’ उपक्रम सुरू करून गेस्टमधून पूर्णपणे बाहेर पडून दाखवणाऱ्याला अडीच लाख डॉलरपर्यंत बक्षीस ठेवले, ते म्हणूनच.

फोनधारकांचा संबंध काय?

ही त्रुटी फोनमध्ये नव्हती, कारण ती एएमडी प्रोसेसरपुरती होती. पण अँड्रॉइड 13 पासून काही फोनमध्येही केव्हीएमचेच ‘पीकेव्हीएम’ हे रूप संवेदनशील कामे वेगळी ठेवण्यासाठी आले आहे. फोनचे सिक्युरिटी अपडेट लांबणीवर टाकू नये, याला हे आणखी एक कारण.

सर्व्हरचे अपडेट मात्र ग्राहकाच्या हातात नसते. होस्टचा कर्नल बदलायचा तर त्यावरचे गेस्ट दुसरीकडे हलवावे लागतात किंवा यंत्र बंद करावे लागते. इथेच चालढकल होते. म्हणून एखादी नागरी सहकारी बँक किंवा महापालिका क्लाऊडवर जाते, तेव्हा दराच्या आधी तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. कर्नलमधील गंभीर त्रुटी किती दिवसांत दुरुस्त करणार? गरज नसताना नेस्टेड सुविधा चालू आहे का? आणि अतिसंवेदनशील माहितीसाठी स्वतंत्र यंत्र मिळेल का? या प्रश्नांची उत्तरे करारात लेखी हवीत, तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

भिंत कधीच पूर्ण अभेद्य नसते. तडा कोण शोधतो आणि तो बुजवायला किती दिवस लागतात, यावर तिच्यामागे ठेवलेल्या पैशांची आणि माहितीची सुरक्षितता ठरते. पैसे आणि माहिती सामान्य माणसाची आहे. हा हिशेब मागण्याचा हक्कही त्याचाच आहे.