भाकरीचा वनवास

वाशीम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात आज पाहुणा आला, तर त्याच्या ताटात पोळी वाढली जाते. भाकरी केलीच असेल, तर ती आत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. ज्या वऱ्हाडाने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवर देह पोसला, त्याच वऱ्हाडात ज्वारीची भाकरी पाहुण्यापुढे ठेवण्याची लाज वाटावी, ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हे.

रिसोडपासून कारंज्यापर्यंत साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारावे. पहाटेची जात्याची घरघर, काठवटीत कढत पाण्याने मळलेले पीठ, तळव्याखाली गरगर फिरत मोठी होणारी भाकरी, तव्यावर तिच्या अंगावरून फिरवलेला पाण्याचा हात आणि निखाऱ्यावर टम्म फुगल्यावर सुटणारा पातळ पापुद्रा हे सारे त्यांच्या स्मरणात आजही ताजे आहे. सोबतीला ठेचा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी ही तर वऱ्हाडाची खासियत. आजाऱ्याला ताकातल्या कण्या, उन्हाळ्यात आंबील, हिवाळ्यात शेतातला हुरडा. आणि उन्हे तापली की माळवदावर वाळणारे धापोडे नि खारोड्या, ज्या अर्ध्या ओल्याच पोरांच्या पोटात जात. ज्वारी देवघरातही होती. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आंबील लागे, भुलाबाईच्या मखराला ज्वारीचेच धांडे लागत. पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा तांडा असो, की वाशीमच्या जुन्या पेठेतील वाडा. मालकाच्या आणि सालदाराच्या ताटात भेद होता तो तुपाचा आणि भाजीचा. भाकरी दोघांची एकच होती. समरसतेचे इतके साधे अधिष्ठान दुसरे कोणते सांगता येईल?

‘लोकांनाच गहू आवडू लागला, त्याला कोण काय करणार?’ असा युक्तिवाद केला जातो. तो इतिहासाला धरून नाही. अमेरिकेने १९५४ मध्ये ‘पी. एल. ४८०’ हा कायदा केला तो आपल्या शिलकी धान्याची सोय लावण्यासाठी. १९५६ मध्ये भारताने त्या अन्वये पहिला करार केला आणि जहाजे भरभरून गहू येऊ लागला. १९६५ मध्ये केंद्र सरकारने ‘मॉडर्न बेकरीज’ ही सार्वजनिक कंपनी काढून पाव भाजण्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतले. चुलीवर भाकरी भाजणाऱ्या देशाच्या सरकारला पावाचा कारखाना काढावासा वाटतो, ज्वारी साठवण्याचे गोदाम उभारावेसे वाटत नाही! पुढे २००० मध्ये ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरला विकली गेली, हेही नोंदवून ठेवावे. १९७२ च्या दुष्काळात परदेशी लाल मिलो रेशनच्या रांगेत उभे राहून घ्यावी लागली, तिची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलो, गहू दोन आणि तांदूळ तीन रुपये असे दर लिहिले गेले. पिशवीत मात्र आले ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून तर ते विनामूल्य मिळतात. फुकटच्या गव्हाशी विकतच्या ज्वारीने स्पर्धा करावी, आणि ती हरली की तिला ‘लोकांची आवड’ म्हणावे, हा कुठला न्याय?

शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास हाती येते, रोख पैसा देते, मागे हरभऱ्याला रान मोकळे करते. ज्वारीच्या कणसांवर पाखरे, धांड्यांवर रानडुकरे आणि ऐन दाणे भरताना पाऊस लागला तर दाणा काळा. पण सोयाबीन गावात कोण खातो? ते तेलगिरणीला जाते आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गोठ्यातली गाय गेली, गाय गेली तसे ताक गेले, आणि ताकाबरोबर कण्या व आंबीलही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ज्या जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून निवड केली, त्यांत वाशीम होता. तेथील आरोग्य-पोषणाचे तक्ते भरताना ही साखळी कुणी मांडल्याचे दिसत नाही.

ज्वारीत गव्हापेक्षा प्रथिने अधिक असतात, असे उत्साहाच्या भरात कोणी सांगू नये, तसे नाही. तंतू भरपूर आणि ग्लूटेन अजिबात नाही, एवढे पुरेसे आहे. ज्वारीचे पीठ फार दिवस राहिले की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा चिरतात. म्हणूनच महिनोन्‌महिने पाकिटात राहणारा माल विकणाऱ्या कंपन्यांना मैदा प्रिय! ज्वारी गिरणीच्या जवळ, शेताच्या जवळ राहणाऱ्यांचे धान्य आहे.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ हे सुंदर नाव मिळाले. अभिमान वाटावा असेच हे पाऊल होते. पण श्रीअन्न पंचतारांकित मेजवानीत आणि वाशीमच्या रेशन दुकानात मात्र गहू, हे किती काळ चालायचे? २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. भाव जाहीर करणे आणि माल उचलणे यांत अंतर असते. मालेगाव, मानोरा, मंगरूळपीरसह सहाही तालुक्यांत ज्वारी खरेदी व्हावी आणि तीच ज्वारी त्याच तालुक्याच्या शिधापत्रिकांवर वाटली जावी, एवढी मागणी लोकप्रतिनिधींकडे लावून धरता येते.

आणि सरकारकडे बोट दाखवताना स्वतःच्या घरातही पाहावे. १९९१ मध्ये नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली, तेव्हापासून शीतपेयांवरील बहिष्काराची भाषणे पुष्कळ झाली. भाषण ऐकून परतणाऱ्यांच्या घरी मुलांच्या डब्यात मात्र दोन मिनिटांच्या शेवया आणि वाढदिवसाला पिझ्झा. शिबिरांसाठी घराघरांतून शिदोरी गोळा होते, तीही बहुधा पोळ्यांचीच. पुढच्या वेळी निरोप जाईल तेव्हा त्यात ‘भाकरी आणि ठेचा’ असे स्पष्ट सांगितलेले असावे. बऱ्याच घरांत त्या दिवशी काठवट माळ्यावरून खाली काढावी लागेल. सुनेला आणि नातवालाही भाकरी थापायला शिकवील अशी आजी अजून त्याच घरात आहे.