बी, जमीन आणि जिवाचा घोर



साखरेचा आजार, म्हणजेच मधुमेह, हा शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचा आजार असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर केलेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह असावा, आणि खेड्यांतसुद्धा शंभर प्रौढ माणसांमागे जवळजवळ नऊ जणांना तो आहे, असे त्यात दिसून आले. तेव्हा हा आजार आता आपल्या उंबरठ्याच्या आत आला आहे.

या आजाराबद्दल गावात दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "साहेब, आमच्या घराण्यातच साखर आहे. आजोबांना होती, वडिलांना होती, मला होणारच." दुसरा म्हणतो, "घराण्यात कुणाला नव्हती. द्राक्षबाग गेली, कर्ज डोक्यावर बसलं आणि साखर लागली." पहिला दोष रक्ताला देतो, दुसरा काळजीला. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. ते कसे, हे आपल्या शेतीच्या भाषेत पाहू.

मालदांडी ज्वारी आणि भरपूर उत्पन्न देणारे एखादे वाण शेजारी शेजारी पेरा. खत-पाणी मुबलक असेल तर नवे वाण पुढे जाईल. पावसाने ओढ दिली तर तेच माना टाकील, आणि मालदांडी जमिनीतल्या ओलीवर चार दाणे पदरात टाकील. मग यातले चांगले बी कोणते? हंगाम सांगितल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. आईबापांकडून आलेली जनुके हे बी, खाणेपिणे आणि कष्ट ही जमीन, आणि मनावरचा ताण हे हवामान.

आधी बियाण्याचे पाहू. मधुमेह एका जनुकामुळे होत नाही. शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा त्यात असतो. आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त असते. या जनुकांतले सर्वांत वजनदार म्हणून टीसीएफ-सात-एल-दोन हे जनुक ओळखले जाते. त्याचा शोध २००६ साली आइसलंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी पुण्याकडच्या लोकांतही त्याचा मधुमेहाशी संबंध दिसला. या जनुकाचा दोषी प्रकार ज्याच्या अंगी असतो, त्याचे स्वादुपिंड गरजेच्या वेळी इन्सुलिन कमी सोडते. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवते. ते कमी पडले की साखर रक्तातच साचते.

एकाच आईबापांची मुले, मग एका भावाला साखर आणि दुसऱ्याला नाही, हे कसे? संकरित ज्वारीचे दाणे घरी राखून पुन्हा पेरले तर सगळी ताटे सारखी येत नाहीत. एक उंच, एक बुटके, एकाचे कणीस भरलेले, एकाचे विरळ. भावंडांतही आईबापांचे गुण असेच वेगवेगळे वाटले जातात.

आता ताणाचे पाहू. म्हैस दुधाला बसलो आणि अनोळखी माणूस किंवा कुत्रे गोठ्यात आले, तर ती पान्हा चोरते. दूध कासेत असूनही उतरत नाही. भीतीने तिच्या रक्तात अॅड्रिनॅलिन नावाचे संप्रेरक उतरते आणि ते पान्हा अडवते. म्हणजे मनाला लागलेली गोष्ट घटकेत शरीरात उतरते, हे आपल्या घरातल्या बायकांना रोज धार काढताना दिसते.

माणसात हेच घडते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट आले की त्या अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही दोन संप्रेरके रक्तात सोडतात. त्यांच्या हुकमाने यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते. बांधावर साप निघाला, माणूस धावला, तर ती साखर स्नायूंत जळून जाते. पण सोसायटीची नोटीस आली, मुलीचे लग्न तोंडावर आले, पऱ्हाटीला भाव नाही, अशा वेळी माणूस कुठे धावतो? तो ओट्यावर डोक्याला हात लावून बसतो. साखर रक्तात फिरत राहते आणि ती आवरायला स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन काढावे लागते. त्यातच कॉर्टिसॉल इन्सुलिनची धार बोथट करते आणि पोटावर चरबी धरायला मदत करते. हे आठ दिवस चालले तर शरीर सावरते. वर्षानुवर्षे चालले तर स्वादुपिंड थकते.

आता दोन्ही एकत्र ठेवा. दोन भावांवर सारखेच कर्ज आहे. एकाचे स्वादुपिंड जन्मजात भक्कम, ते जादा ओझे ओढून नेते. दुसऱ्याचे मुळातच कमी ताकदीचे. सुखाच्या दिवसांत त्याचेही भागून गेले असते, पण ओझे वाढल्यावर ते बसले. नुसत्या काळजीने प्रत्येकाला मधुमेह होतो असे नाही आणि नुसत्या रक्ताने होतो असेही नाही. कमकुवत बाजूवर ताणाचा भार पडला की आजार लवकर उघडा पडतो.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ईबीएफ-एक या जनुकाबद्दल असेच काही दाखवले. त्याचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्या अंगी होता, त्यांच्यात मनावरचा दीर्घ ताण जितका जास्त तितका कमरेखालचा घेर जास्त आढळला, आणि घेराच्या पाठोपाठ रक्तातल्या साखरेचा धागा जोडलेला दिसला. तो प्रकार नसलेल्यांत ताणाचा असा परिणाम दिसला नाही. ही पाहणी तिथल्या गोऱ्या लोकांतली आहे, ती जशीच्या तशी आपल्याला लावता येणार नाही. पण एकच ताण दोन माणसांना वेगवेगळा बाधतो, एवढे त्यातून समजते.

"मी तर काडीसारखा बारीक, मला कशाची साखर?" असे कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालके यांचा अभ्यास चालवला. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त आढळली. म्हणून वरून बारीक दिसणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला तर सावध व्हावे.

आता जे घराण्याला बोल लावून हातपाय गाळतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. सर्वांची साखर काठावर होती. एका गटाला साधा सल्ला दिला. दुसऱ्या गटाने वजन थोडे उतरवले आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम केला. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. पुढे २००६ साली त्याच लोकांची जनुके तपासली. वर सांगितलेले जनुक ज्यांना आई आणि बाप दोघांकडून दोषी आले होते, त्यांना साध्या सल्ल्याच्या गटात मधुमेह जास्त झाला. चालणाऱ्या गटात मात्र तो फरक जवळजवळ पुसून गेला. बी तेच राहिले, मशागत बदलली.

मग आपल्या घरात काय करावे?

१. जनावर घेताना आपण त्याची वंशावळ विचारतो. तशी घरच्यांची एका वहीत लिहा. आजोबा-आजी, आई-वडील, काका, मामा, आत्या यांपैकी साखर कुणाला, रक्तदाब कुणाला. माहेरची बाजू विसरू नका.

२. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्यावी. शिरेतल्या रक्ताच्या तपासणीत उपाशीपोटी शंभराच्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ किंवा जास्त म्हणजे पुन्हा तपासून खात्री करावी. घराण्यात साखर असेल आणि पीक बुडणे, घरातले माणूस जाणे असे काही घडले असेल, तर त्या वर्षी तपासणी टाळू नका.

३. ट्रॅक्टर आला, मोटरसायकल आली, शेतीतली पूर्वीची पायपीट राहिली नाही. जिवाला घोर लागेल तेव्हा ओट्यावर बसू नका, शिवाराला एक फेरी मारा. यकृताने ओतलेली साखर चालण्यात खर्च होते.

४. झोपेकडे लक्ष द्या. शिकागोत १९९९ साली अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री चार-चार तासच झोपू दिले, तर तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर आवरण्याची ताकद घटली. ज्यांना अजून रात्रीच्या विजेवर पाणी द्यावे लागते, त्यांनी भावा-भावांत पाळ्या लावाव्यात, आणि जागरण झालेल्या माणसाला घरच्यांनी सकाळी उठवू नये.

५. तंगीच्या महिन्यात साखरेच्या गोळ्या बंद करू नका. सरकारी केंद्रात त्या मिळतात. पैसे वाचवायला बंद केलेली गोळी पुढे पाय, डोळे, मूत्रपिंड यांच्या खर्चाने अंगावर येते.

६. "काळजी करू नको" असे सांगून कुणाची काळजी जात नाही. देण्याघेण्याचे कागद घरधनिणीसमोर मांडा. एकाने मनात ठेवलेले ओझे दोघांत आले की निदान मोजता तरी येते. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तिथे फुकट आणि मराठीत बोलता येते.

भगिनींना वेगळे सांगतो. घरातल्या साऱ्यांचा घोर तुम्ही वाहता, शेवटी जेवता आणि तपासणीला सर्वांत मागे राहता. बाळंतपणात साखर वाढली होती असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर तुमचे नाव त्या वहीत पहिले लिहा आणि दरवर्षी तपासणी करा.

वाण बदलणे आपल्या हाती नाही, पाऊसही नाही. तरीही दरसाल आपण बांध घालतो, पालापाचोळ्याचे आच्छादन करतो आणि ओल धरून ठेवतो. येत्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल, तेव्हा घरातल्या एकाला तरी तपासणीसाठी बरोबर घ्या.