सिस्टरची ड्यूटी : आठ तास की बारा?

नांदेडच्या खासगी दवाखान्यांत नोकरी करणाऱ्या कंधारच्या लेकी-सुना नेहमी विचारतात, "डॉक्टरसाहेब, आठ तासांची ड्यूटी घ्यावी की बारा तासांची?" बारा तासांच्या ड्यूटीत एसटीच्या फेऱ्या वाचतात, सुट्ट्या जास्त मिळतात. हा फायदा खोटा नाही.

पण अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्या परिचारिकांकडून चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. बारा तासांच्या ड्यूटीत पुढच्या सिस्टरला चार्ज देईपर्यंत साडेबारा सहज होतात. पहाटे शिणलेल्या डोळ्यांनी इंजेक्शनच्या बाटलीवरचे नाव चुकीचे वाचले, तर किंमत रुग्ण मोजतो.

माझे मत स्पष्ट आहे. घरी लहान मूल असेल तर आठ तासच बरे; घरी दुसरी ड्यूटी वाट पाहत असतेच. बारा तास घ्यायचेच तर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नकोत, मध्ये पोटभर जेवण व थोडी विश्रांती हवी. बदली सिस्टर आली नाही तर तिची सोय दवाखान्याने करावी. तीच सिस्टर पुढे राबवू नये.

नातेवाइकांनीही रात्रपाळीच्या सिस्टरवर खेकसू नये. तीही माणूसच आहे.