पडद्यावरील सोयरीक

मूकपटांच्या काळांतील एक पट अद्यापि वादाचा विषय होऊन राहिला आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९१५ सालचा 'बर्थ ऑफ ए नेशन' हा तो पट. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें. त्यास पन्नास वर्षें होत असतां तो निघाला. उत्तरेचें स्टोनमन घराणें व दक्षिणेचें कॅमेरॉन घराणें यांचा जुना स्नेह, युद्धामुळें पडलेली फूट, आणि अखेरीस उभय घराण्यांत जुळलेले दोन विवाह, असें त्याचें कथानक आहे. दुरावलेलीं घराणीं सोयरिकीनें एक व्हावीं, हें कोणा कुटुंबवत्सल वाचकास आवडणार नाहीं?

परंतु हा समेट कोणाच्या खर्चानें झाला, तें पाहिलें पाहिजे. दोघां भावांचें भांडण मिटवावयाचें, तर तिसरा कोणी अपराधी हवा. ग्रिफिथ यांनीं तो नुकत्याच गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांत शोधला. त्यांतील प्रमुख पात्रें गोऱ्या नटांनींच तोंडें काळीं रंगवून वठविलीं. आणि 'कू क्लक्स क्लॅन' ही बुरखेधारी टोळी तारणहार म्हणून घोडे दौडवीत येते. एका झोपडींत उत्तरेचे जुने शिपाई कॅमेरॉन कुटुंबास आश्रय देतात, तेथें पडद्यावरील अक्षरांत 'आर्य' वंशाच्या हक्काचा उल्लेख आहे. हा शब्द तेथें कोणत्या कामीं जुंपला आहे, हें आपल्याकडील मंडळींनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

पट म्हणजे घटकाभराची करमणूक, असें म्हणणारांशीं आमचें जुळत नाहीं. अध्यक्ष विल्सन यांच्या निवासस्थानीं हा पट दाखविला गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, जॉर्जियांतील स्टोन माउंटनवर, लयास गेलेल्या क्लॅनची पुनः स्थापना झाली, आणि पुढें सभासद मिळविण्याकरितां तिनें याच पटाचा उपयोग केला! कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं १९०९ सालीं निघालेल्या राष्ट्रीय संस्थेनें ठिकठिकाणीं निषेध केला. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकानें १९२० सालीं 'विदिन अवर गेट्स' काढून झुंडीनें केलेल्या हत्यांची दुसरी बाजू मांडली.

१९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड'मध्यें द्वेषाची भाषा मवाळ झाली. मालकिणीवर जीव टाकणारी दासी आली. ती भूमिका करणाऱ्या हॅटी मॅक्डॅनियल यांना वर्णभेदामुळें अटलांटा येथील पहिल्या खेळास जातां आलें नाहीं. १९४० सालीं त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. तेथेंही त्यांची बैठक सहकलाकारांपासून निराळ्या मेजावर होती. पंक्तिभेद म्हणजे काय, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस समजावून सांगावयास नकोच.