नावातला कापूस

जुलै २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने मुंबईतल्या काही उपनगरी रेल्वे स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव संमत केला. करी रोडचे लालबाग, सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, डॉकयार्ड रोडचे माझगाव. या नावांबद्दल माझी तक्रार नाही. सँडहर्स्टसाहेब १८९५ ते १९०० मुंबईचे गव्हर्नर होते. डोंगरीकरांनी त्यांचे ओझे आणखी किती दिवस वाहायचे? पण त्याच यादीत कॉटन ग्रीनचे काळाचौकी करायचे ठरले, आणि तिथे मी थबकलो. कॉटन ग्रीन हे कुणा साहेबाचे नाव नाही. ते मालाचे नाव आहे.

इथला ‘ग्रीन’ म्हणजे हिरवा रंग नव्हे, मोकळे मैदान. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, त्या फोर्टातल्या मैदानावर एके काळी कापसाच्या गाठींचे ढीग लागत. गर्दीचा आणि आगीचा धोका, म्हणून १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते १८६५), तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. युद्ध संपले तशा पेढ्याही बुडाल्या. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले ते तिथली रेल्वे सुरू करायला. रेल्वेला एवढी घाई कशाची, तर वऱ्हाडातल्या कापसाची. विसाव्या शतकात समुद्रात भर घालून केलेल्या शिवडीकडच्या जमिनीवर पोर्ट ट्रस्टने गोदामे बांधली आणि बाजार दुसऱ्यांदा हलला. मैदान मागे राहिले, नाव मात्र गाठींबरोबर प्रवास करत इथवर आले. कॉटन एक्स्चेंजची इमारत आजही स्थानकाच्या पूर्वेला उभी आहे. (मटक्याचा आकडासुद्धा मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-मिटत्या भावांवरून निघायचा. रविवारी सकाळी हे सांगू नये, पण कापसाने मुंबईला काय काय दिले त्यात हेही येते.)

ऐंशीच्या दशकात बँकेत नवा असताना गोदाम तपासणीसाठी मला या भागात पाठवत. तारण मालाच्या गोदामाला कुलूप बँकेचे असे. ते उघडायचे, नाकाला रुमाल लावायचा आणि गाठी मोजायच्या. एक गाठ १७० किलोची. बाहेर पडलो की कपड्यांवर, भुवयांवर रुईचा पांढरा थर. त्याच सुमारास रुळांच्या दुसऱ्या बाजूला, काळाचौकी-लालबागच्या चाळींत, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने चुली थंडावल्या होत्या. शाखेत पासबुक घेऊन येणारी माणसे मी पाहिली आहेत. खात्यात किमान शिल्लक तेवढी उरलेली, आणि तीही काढता येईल का, असा प्रश्न चेहऱ्यावर.

म्हणून काळाचौकीकरांचा हक्क मी नाकारत नाही. अभ्युदयनगरात राहणारा माणूस ‘काळाचौकीला उतरतो’ असेच म्हणणार. पण रुळांच्या एका बाजूला कापूस आणि दुसऱ्या बाजूला तो कातणारे हात, यांच्या मधोमध हे स्थानक आहे. गिरण्या गेल्या, चिमण्या गेल्या, गिरण्यांच्या जागी मनोरे आले. कापसाची खूण सांगणारी जी मोजकी नावे रोज हजारो माणसांच्या तोंडी येतात, त्यांतले एक आपणच पुसणार का? सँडहर्स्टच्या पंक्तीत वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा माल बसवणे हा हिशेब मला पटत नाही. माझ्यातल्या बँकवाल्याला ही चुकीच्या खात्यावर पडलेली नोंद वाटते.

ज्या हार्बर मार्गावर हे स्थानक आहे, त्याच मार्गाने ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी गेली. डबे चार. २०१६ मध्ये याच मार्गावर बारा डब्यांच्या गाड्या आल्या. हार्बरला जलद गाडीची वेगळी वाट नाही, त्यामुळे छोट्या स्थानकाला डावलून कुणी पुढे जात नाही, हे त्याचे भाग्य. पुठ्ठ्याचे तिकीट गेले, आता ते मोबाइलवर निघते. पण गोदामांच्या बाजूला उतरणाऱ्या बाईला संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर दिवा हवा असतो, आणि स्वच्छ, उघडे स्वच्छतागृह हवे असते. पाटी बदलून यातले काही मिळत नाही.

ठराव झाला आहे, आणि नाव बदललेच तर काळाचौकी म्हणायला माझी जीभ अडखळणार नाही. मागणी एवढीच की नव्या पाटीखाली बारीक अक्षरांत ‘कॉटन ग्रीन’ असावे आणि तिकीटखिडकीजवळच्या भिंतीवर या दोन स्थलांतरांची हकिकत मराठीत लिहिलेली असावी. गाडीची वाट पाहताना चार मिनिटांत वाचून होईल एवढीच.