सर्व्हिस आली की मी बाहेर!

ऑफिसात माझी सर्व्हिस एकदम चोख. क्लायंटचा मेल रात्री अकराला आला, तरी साडेअकराच्या आत उत्तर जातं. पण मुलुंडला आमच्या सोसायटीच्या व्हॉलीबॉल कोर्टवर याच शब्दाने मला घाम फुटायचा. दर २६ जानेवारीला आजूबाजूच्या सोसायट्यांची मिक्स्ड टूर्नामेंट असते. गेल्या वर्षी माझी सर्व्हिस आली रे आली, की आमचा कॅप्टन बदलीची खूण करायचा. एक कॉलेजकुमार आत, मी बाहेर. त्याची सर्व्हिस तुटली की मी परत आत. नियमात बसतं हो सगळं! पण बाकावर बसून आपल्या वाटची सर्व्हिस दुसऱ्याला करताना बघणं म्हणजे... वाईट कुणीच बोलत नाही, पण आपल्याला कळतं ना!

कॅप्टनचं तरी काय चुकलं? पूर्वी सर्व्हिस नेटमध्ये गेली तर फक्त सर्व्हिस जायची, समोरच्याला पॉइंट मिळत नसे. १९९० च्या दशकाच्या शेवटी रॅली पॉइंटची पद्धत आली आणि ही चैन संपली. आता सर्व्हिस चुकली की समोरच्याला फुकटात पॉइंट. आणि मी तर प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन पॉइंटची खैरात वाटत होते.

त्यातून मला शौक जम्प सर्व्हिसचा. टीव्हीवर प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये मुंबई मेटिओर्सची मुलं उडी मारून बॉल हाणतात, ते बघून मीही हाणायचे. बॉल कधी नेटमध्ये, कधी पार्किंगमधल्या गाड्यांवर.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मदतीला आल्या. काकू एकेकाळी रेल्वेकडून खेळलेल्या. बाल्कनीतून माझे प्रताप बघत असणार. एका रविवारी खाली उतरून म्हणाल्या, "अगं, उडी राहू दे. आधी जमिनीवर उभी राहून नऊ मीटर पार कर. आणि हाताला दोष देऊ नकोस, तुझा टॉसच भरकटतोय."

मंडळी, ओव्हरहँड सर्व्हिसचं अर्धं गुपित टॉसमध्ये आहे. मी बॉल ताडमाड उंच उडवायचे. उंच गेलेला बॉल खाली येईपर्यंत कधी डोक्यामागे, कधी डावीकडे. मग त्याच्या मागे धावत वेडावाकडा हात. आणि नियमानुसार टॉस एकदाच मिळतो, बिघडला म्हणून बॉल झेलून पुन्हा उडवता येत नाही. शिट्टी वाजल्यावर हातात असतात फक्त ८ सेकंद.

काकूंनी मला आठवडाभर बॉल मारूच दिला नाही. नुसता टॉस! उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा पाय पुढे. डाव्या तळहातावर बॉल, आणि तो न फिरवता, उजव्या खांद्याच्या समोर, हात-दीड हात वर सोडायचा. न मारता खाली पडू दिला तर तो पुढच्या पायाच्या जरासा पुढे, उजव्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. हा टॉस इतका छोटा असतो, की आमच्या वन बीएचकेमध्येही मावतो. फक्त पंखा बंद करा!

दुसरा धडा कोपराचा. मारायच्या आधी कोपर खांद्याइतकं वर आणि मागे हवं. ते खाली पडलं की बॉल ढकलला जातो आणि नेटमध्ये जातो. जोर एकट्या हातातून काढायचा नाही. मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर आणा, कंबर वळू द्या, हात आपोआप येतो. मात्र बॉलला हात लागेपर्यंत पाय मागच्या रेषेला टेकता कामा नये.

तिसरा धडा तळव्याचा. मनगट ताठ, तळहाताचा मनगटाजवळचा कडक भाग बॉलच्या बरोबर मध्यावर, आणि फटका बसला की हात तिथेच थांबवायचा. असा बॉल स्वतःभोवती फिरत नाही. मग त्याच्या मागची हवा एकसारखी सुटत नाही आणि तो मध्येच डुलतो, मध्येच बुडतो. हीच फ्लोट सर्व्हिस. २०११ च्या वर्ल्ड कपमधला झहीर खानचा नकल बॉल आठवतोय? जवळपास तीच जादू. ताकद कमी असली तरी चालते, समोरच्याचा अंदाज चुकतो.

मग सुरू झाली पायरी-पायरीची प्रॅक्टिस. पार्किंगच्या भिंतीवर खडूने २.२४ मीटरची रेघ मारली. महिलांच्या नेटची हीच उंची, आणि आमच्या टूर्नामेंटचीही. आधी तीन मीटरवरून, मग सहा, मग नऊ. एका अंतरावरून दहापैकी आठ बॉल रेघेच्या वर लागले, तरच मागे सरकायचं. घाटकोपर-अंधेरी मेट्रोतून लोंबकळत घरी आल्यावर रोज वीस मिनिटं. आणि हो, दिवसभर माउसवर वाकलेला खांदा थंड असताना बॉल मारू नका. आधी हात फिरवून तो गरम करा. खांदा दुखला तर त्या दिवशी सुट्टी. हट्ट केलात तर महिनाभर बाकावर बसाल.

यंदा २६ जानेवारी, सेमीफायनल, शेवटचा सेट. आम्ही १२, ते १३. सर्व्हिस माझी. सवयीने मी बाकाकडे पाहिलं. कॉलेजकुमार उठून उभा राहिला होता. कॅप्टनने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बॉल माझ्याकडे फेकला.

डावा पाय पुढे. छोटा टॉस. बॉल नेटवरून डुलत गेला, समोरच्याच्या हातांवर आपटून बाहेर. तेरा-तेरा! दुसरी सर्व्हिसही पार गेली, पण त्यांनी ती छान उचलली आणि असा स्मॅश मारला, की आम्ही बघतच राहिलो. पुढचा पॉइंटही त्यांचाच. १५-१३, खेळ खल्लास.

घरी येऊन मी काकूंना म्हटलं, "हरलो हो काकू." त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "ते कळलं गं. सर्व्हिस कुणी केली, ते सांग!"