संकोचाआड दडलेली डोकेदुखी

उतारवयातील शरीरसंबंधांविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. त्यामुळे त्या वेळी उद्भवलेली डोकेदुखी डॉक्टरांना सांगताना ‘काल रात्री डोके फार दुखले’ एवढेच सांगितले जाते. दुखणे नेमके केव्हा सुरू झाले हे कळले नाही, तर निदानाचा महत्त्वाचा धागा निसटतो.

ही डोकेदुखी साधारणतः दोन प्रकारे होते. कधी उत्तेजनेबरोबर मान आणि डोक्याचा मागचा भाग हळूहळू ठणकू लागतो; तर कधी उत्कट क्षणी, वीज कोसळावी तशी, तीव्र कळ येते. पुष्कळदा यामागे गंभीर आजार नसतो. मात्र अशी कळ पहिल्यांदाच आली असेल, तर तसे घरच्या घरी गृहीत धरू नये. मेंदूभोवती होणाऱ्या रक्तस्रावाची सुरुवातही अशीच असू शकते.

म्हणून दुखणे थांबले तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उलटी, मान आखडणे, दुहेरी दिसणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही आढळल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तस्राव नाही हे ठरेपर्यंत स्वतःहून अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. सीटी स्कॅन जितका लवकर होईल, तितका रक्तस्राव ओळखणे सोपे जाते. गरजेनुसार रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफीही करतात.

तपासणीत गंभीर कारण आढळले नाही, तर उपाय आहेत. रक्तदाब आटोक्यात ठेवावा, काही काळ शरीरसंबंध टाळावेत आणि पुढे ठणका जाणवताच थांबावे. वारंवार त्रास होणाऱ्यांना इंडोमेथासिन किंवा प्रोप्रानोलॉल देतात. परंतु पहिले औषध मूत्रपिंड वा जठराच्या, तर दुसरे दम्याच्या रुग्णांना अपायकारक ठरू शकते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांनीही डोके दुखते. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी त्या मुळीच घेऊ नयेत; रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो. अशी गोळी घेतली असल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ज्येष्ठांना डॉक्टरांशी एकांतात बोलू द्यावे. मुला-सुनांसमोर जे ओठांवर येत नाही, ते बंद दाराआड सहज सांगता येते. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली कोणतीही डोकेदुखी तपासून घ्यावी, आणि ती केव्हा सुरू झाली हे निःसंकोच सांगावे.